खोट्या आया आणि आमच्या वन्सं

आमच्या वन्संशी खोटं बोलून आजवर कुणीही सुखरूप घरी गेलेलं नाही. वन्सं म्हणजे माझी नणंद, माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. हल्ली वन्सं म्हणायची पद्धत राहिलेली नाही. माझ्या बरोबरीच्या सगळ्याजणी नणंदेला ताई म्हणतात किंवा सरळ नावानं हाक मारतात. पण आमच्या वन्संना ताई म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ताई म्हटलं की एक प्रेमळ, भोळी बाई डोळ्यांसमोर येते. आमच्या वन्सं प्रेमळ आहेत, भोळ्या अजिबात नाहीत. वन्सं आमच्या शेजारच्याच इमारतीत राहतात. बेलापूरला आमच्या सेक्टरच्या कोपऱ्यावरचा भाजीवाला साऱ्या जगाला "आजचीच आहे ताई" म्हणून मेथी विकतो. वन्सं समोर आल्या की तोच माणूस आपण होऊन सांगतो, "कालची आहे, पण चांगली आहे." वन्संनी त्याला काहीही विचारलेलं नसतं. त्या फक्त चष्मा कपाळावरून नाकावर आणतात.

वन्सं महाप्याच्या एका कंपनीत कामाला आहेत. ही कंपनी लोकांची मतं गोळा करते. कुठला साबण आवडतो, चहात साखर किती घालता, पुढच्या वर्षी फ्रीज घ्यायचा विचार आहे का, असली मतं. पूर्वी ती दारोदार फिरून कागदावर उतरवून घेत, आता फोनवर लिंक पाठवून घेतात. मत देणाऱ्याला बदल्यात कूपन किंवा रिचार्ज असं काहीतरी मिळतं, आणि फुकट काही मिळतं म्हटल्यावर तिथे खोटी माणसंही येतात. एकच माणूस दहा नावांनी फॉर्म भरतो, कुणी न वाचता नुसत्या टिक मारत सुटतो, आणि हल्ली तर काहीजण यंत्राकडूनच सगळं भरून घेतात. अशी खोटी उत्तरं हुडकून बाहेर काढायची, हे वन्संचं काम. आता हे काम माझ्या सासूबाईंनी नातेवाइकांना कसं समजावून सांगावं? त्या एवढंच सांगत, "आमची लेक खोटारडी माणसं पकडते." त्यामुळे आमच्या कोकणातल्या निम्म्या गोतावळ्यात वन्सं पोलिसात आहेत असा समज आहे. एकदा गावाहून एक लांबचे काका बागेतले आंबे चोरीला गेल्याची तक्रार घेऊन थेट बेलापूरला येऊन थडकले. वन्संनी त्यांना चहा दिला, घरातल्या माणसांबद्दल इकडचे तिकडचे चार प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, "आंबे तुमच्या धाकट्या जावयानं नेलेत. बोलू नका काही, लेकीला त्रास होईल." काका गावी गेले, आणि आंबे खरोखरच जावयाच्या माळ्यावर आढी घातलेले निघाले. तेव्हापासून वन्सं पोलिसात नाहीत हे सांगायचा नाद आम्ही सोडून दिला आहे.

वन्संना ही नजर कुठल्या पदवीनं आलेली नाही. तरुणपणी त्या स्वतः खांद्याला पिशवी अडकवून दारोदार फिरल्या आहेत. जिने चढायचे, घंटा दाबायची, दार उघडणाऱ्या बाईला साबणाबद्दल विचारायचं, आणि दार तोंडावर आपटलं तरी हसून पुढच्या घंटेकडे वळायचं. पुढे त्या सुपरवायझर झाल्या आणि त्यांच्याकडे 'बॅकचेक' आला. बॅकचेक म्हणजे, आपल्या माणसानं ज्या घरी जाऊन आलो म्हणून सांगितलंय, त्या घरी आपण पुन्हा जायचं आणि तो खरंच आला होता का ते बघायचं. या कामात वन्संचा हात धरणारं कुणी नव्हतं. एका गड्यानं टपरीवर बसून अख्ख्या इमारतीची मतं स्वतःच लिहून दिली होती. वन्सं त्या पत्त्यावर गेल्या, खाली उभं राहून मजले मोजले, आणि ऑफिसात येऊन त्याला शांतपणे म्हणाल्या, "त्या सहाव्या मजल्यावरच्या बाईंना नारळाचं तेल आवडतं असं लिहिलंयस. इमारत चार मजली आहे. बाई राहतात कुठे, टाकीत?" तो गडी नंतर विम्याच्या धंद्यात गेला म्हणे.

आता माणसानं ऑफिसचं काम ऑफिसात ठेवावं. वन्संना ते कधीच जमलं नाही. एकच गोष्ट दोन वेगळ्या तऱ्हांनी विचारून उत्तरं जुळतात का ते बघायचं, ही त्यांच्या धंद्यातली पहिली रीत, आणि आमचं घर तिच्यात मुरलेलं आहे. पाहुणा आला की "जेवून आलात ना?" असं त्या विचारतात. पाहुणा संकोचानं "हो हो" म्हणतो. मग अर्ध्या तासाच्या गप्पांनंतर, हवापाण्याच्या ओघात, "आज घरी भाजी काय केली होती?" असा प्रश्न येतो. पाहुणा गडबडला की त्याच्यापुढे ताट येतं. आमच्या घरून उपाशी कुणी गेलेला नाही, त्याचं श्रेय या पद्धतीला आहे. माझा नवरा लहानपणापासून या प्रश्नांखाली वाढला. लोक म्हणतात, तुझा नवरा किती सरळ आहे गं, एक शब्द खोटा बोलत नाही. मी हसते. तो स्वभाव नाही, धाकट्या भावानं जीव वाचवण्यासाठी लावून घेतलेली सवय आहे.

दुसरी रीत वेळेची. उत्तर यायला किती वेळ लागला, यावर वन्संचा फार भरवसा. फार चटकन आलं तर माणसानं प्रश्न ऐकलेला नाही असं त्या धरतात. लग्न होऊन मी नुकती आले होते तेव्हा त्यांनी मला विचारलं, "आमटी कशी झालीय?" मी लगेच म्हटलं, "छान." त्या म्हणाल्या, "घास तोंडात जायच्या आधीच?" त्या दिवसापासून मी आमच्या घरी आमटी चाखते, गिळते, थोडी थांबते आणि मग छान म्हणते. तिसरी रीत तर आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपला चांगलीच ठाऊक आहे. गणपतीच्या आधी वन्संचा एक लांबलचक मेसेज येतो, कुणी काय आणायचं, कुणी कधी यायचं. त्याच्या ऐन मध्यात कुठेतरी, आरतीच्या वेळेच्या आणि पार्किंगच्या सूचनेच्या अधेमधे, एक ओळ दडवलेली असते: 'इथपर्यंत वाचलं असेल त्यांनी उत्तरात दुधी असं लिहावं.' खाली पटापट नमस्काराचे हात आणि 'खूप छान ताई' येऊन पडतात. जे दुधी लिहितात तेवढ्यांचेच मोदक धरले जातात. माझे एक चुलत दीर गेली तीन वर्षं आमच्याकडे येऊन नुसता वरणभात खाऊन जातात.

आणि चौथी रीत, जिला वन्सं स्वतः 'सापळा' म्हणतात. जी वस्तू जगात नाहीच, तिच्याबद्दल विचारायचं. नसलेलं तेल, नसलेली पेस्ट. ज्यानं 'हो, वापरतो' म्हटलं तो गळाला लागला. माझ्या माहेरच्या भाचीला बघायला एक मुलगा आला होता, गोरापान, मोठ्या पगाराचा, ट्रेकिंगचा शौकीन. गड कुठले कुठले केले ते सांगत होता आणि घरातले सगळे माना डोलावत होते. वन्सं चकलीचा तुकडा मोडत म्हणाल्या, "मग भुंगेरगड केलाच असेल." तो म्हणाला, "हो, दोनदा. वरून व्ह्यू मस्त आहे." भुंगेरगड नावाचा गड सह्याद्रीत कुठेही नाही. पुढच्या महिन्यात खारघरचा एक मुलगा आला, थोडा बुटका, हिशेबनीस. त्याला हाच प्रश्न विचारला तर तो म्हणाला, "ऐकला नाही कधी. आणि खरं सांगू का, मला चढ चढवत नाही." वन्संनी तिथल्या तिथे माझ्या भाचीकडे बघून मान हलवली. ती दोघं आज आनंदात आहेत, सुट्टीत समुद्रावर जातात.

तर अशा बाईची मी टिंगल करते आणि करत राहीन, पण मी त्यांची ऋणी आहे, आणि ते का, हे सांगायलाच खरं तर लिहायला बसले आहे.

मी नेरूळच्या एका कॉलेजात समाजकार्य शिकवते. गेल्या वर्षी एका ट्रस्टची माणसं आमच्या विभागात आली. त्यांना नवी मुंबईत काम करणाऱ्या आयांसाठी एक पाळणाघर काढायचं होतं, अगदी नाममात्र फीचं. एकच. कुठे काढायचं आणि कुठल्या वेळेत चालवायचं, हे आयांनाच विचारून सांगा, म्हणाले. मी आनंदानं ते काम अंगावर घेतलं. फोनवर भरता येईल असा सुटसुटीत फॉर्म केला, भरणाऱ्या आईला आभार म्हणून छोटा रिचार्ज ठेवला आणि लिंक सगळीकडे सोडून दिली. उत्तरांचा पाऊस पडला. दोन दिवसांत इतक्या आया बोलल्या की मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. निकालही स्वच्छ होता: पाळणाघर वाशीला हवं, सकाळी नऊ ते सहा. एका रविवारी मी लॅपटॉप काखेला मारून वन्संकडे गेले, कौतुक करून घ्यायला.

वन्संनी चष्मा नाकावर आणला आणि वाचायला लागल्या. थोड्या वेळानं मी चहा टाकू का विचारलं तर "नको" म्हणाल्या. वन्सं चहाला नको म्हणतात तेव्हा प्रकरण गंभीर असतं. बऱ्याच वेळानं त्यांनी मान वर केली.

"या बाळाचं वय पस्तीस आहे," त्या म्हणाल्या. "आणि या खालच्या चौघांचं पण."

"घाईत चुकलं असेल हो आयांचं."

"बरं. मग हे वाच." त्यांनी बोट ठेवलं तिथे एका आईनं लिहिलं होतं: 'पाळणाघर ही काळाची गरज असून बालकांच्या सर्वांगीण विकासात त्याचे अनन्यसाधारण महत्त्व आहे.' पुढच्या आईचंही थोड्याफार फरकानं तेच, आणि त्याच्या पुढच्याही. वन्सं म्हणाल्या, "या बाईच्या पोराला एकदाही जुलाब झालेले नाहीत. खरी आई तक्रार करते गं. सासू बघत नाही, शेजारीण टोमणे मारते, पोर दूध ओकतं. सर्वांगीण विकास कुठली आई लिहिते?"

मी मुकाट्यानं स्वतःच चहा करून आणला. तो पिता पिता त्यांनी मला समजावून सांगितलं. माझी लिंक रिचार्जसाठी फॉर्म भरणाऱ्यांच्या कुठल्याशा ग्रुपवर पोचली होती. तिथे एकेक माणूस बसल्या जागी शंभर आया झाला होता. त्यांनी प्रत्येक प्रश्नाचा पहिला पर्याय दाबला होता, आणि जागांच्या यादीत पहिली होती वाशी, वेळांच्या यादीत पहिली नऊ ते सहा. माझ्या आया कुठे काही बोललेल्याच नव्हत्या, माझी यादीच मला उलटून उत्तर देत होती. मला रडू यायला लागलं. वन्सं त्या लोकांवर चिडल्या नाहीत, माझ्यावरही नाही. "टेन्शन घेऊ नकोस," त्या म्हणाल्या. "त्यांचंही पोट असेल. पण त्यांच्या सांगण्यावरून तुझं पाळणाघर वाशीला निघालं असतं, जिथे गल्लीगल्लीत पाळणाघरं आहेत. आणि जिला खरंच हवं होतं तिला कुणी विचारलंसुद्धा नसतं. एकदा निघालं की दुसरं तर निघणार नाही ना."

मग आम्ही सगळं फेकून देऊन पुन्हा सुरुवात केली. ऑफिसातून थकून आल्यावर वन्सं माझ्यासोबत बसायच्या. रिचार्ज काढून टाकला. लिंक वाऱ्यावर न सोडता अंगणवाडीच्या बाया, बचत गट, ओळखीच्या कामवाल्या यांच्या हातून पोचवली. आणि वन्संनी स्वतः एक सापळा लावून दिला. मुलाला कुठल्या कुठल्या लशी दिल्या या प्रश्नात, खऱ्या लशींच्या रांगेत, त्यांनी 'पारिजात लस' नावाची एक घुसवली. अशी लस कुठेही नाही. जी आई तिच्यावर टिक मारेल, तिनं वाचलेलंच नाही असं समजायचं.

या वेळी उत्तरं थेंबाथेंबानं आली. आणि मी आता नव्यानं सोवळं पाळायला लागलेल्या बाईसारखी झाले होते. जरा संशय आला की खोडून टाक. अशात एक घबाड माझ्या हाती लागलं. एकाच फोनवरून, एका दुपारी, एकामागून एक भरलेले फॉर्म. जागा, तुर्भे. पाळणाघराची गरज किती, याला झाडून सगळ्यांचं एकच उत्तर, 'फार'. आणि पारिजात लस? एकजात सगळ्यांनी दिलेली. वेळेच्या रकान्यात तर कहर होता. दिलेला एकही पर्याय न घेता प्रत्येकीनं लिहिलं होतं, पहाटे तीन ते सकाळी नऊ. पहाटे तीनला कुणी पाळणाघरात मूल सोडतं? मी त्या सगळ्यांवर 'बनावट' असा शेरा मारला आणि शाबासकी घ्यायला वन्संकडे गेले.

वन्संनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग त्या म्हणाल्या, "हे काढू नकोस."

"अहो, तुमच्याच सापळ्यात सापडल्यात सगळ्या."

"तेच कळत नाहीये मला. पण खोटं बोलणारा माणूस आळशी असतो. तो सोपं खोटं बोलतो, पहिला पर्याय दाबतो आणि सुटतो. पहाटे तीन हे हातानं लिहायचे कष्ट कोण घेईल? आणि असलं खोटं सुचेल तरी कुणाला?" मग त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "बॅकचेक करू. फोन नंबर आहे ना दिलेला?"

मी म्हटलं, ट्रस्टला अहवाल द्यायची वेळ आलीये, एवढ्या थोड्या उत्तरांनी काय फरक पडणार आहे. खरं तर मला तुर्भ्याच्या उन्हात फिरायचा कंटाळा आला होता. वन्संचे गुडघे इतके दुखतात की ऑफिसच्या दोन पायऱ्या चढताना त्या कठड्याला धरतात. पण त्या उठल्या, पर्स घेतली आणि जिन्याकडे निघाल्यासुद्धा.

वाटेत मी त्या नंबरावर फोन लावला. तो उचलला एका मंगल नावाच्या बाईनं. परभणीकडची, तुर्भ्याच्या वस्तीत राहणारी. फॉर्मचं नाव काढताच ती घाबरली. "काय चुकलं का मॅडम?" काही चुकलं नाही, भेटायचंय फक्त, असं सांगून आम्ही दुपारी तिच्या घरी पोचलो. दारापासून ट्रकच्या रस्त्याचा धुरळा दिसत होता. आत जमिनीवर सतरंजी टाकलेली, आणि आम्ही येणार म्हणून सात-आठ बायका आधीच येऊन बसलेल्या, मांडीवर, पदराआड पोरं. वन्संना खाली बसवत नव्हतं तर मंगलनं पत्र्याचं पिंप उलटं करून दिलं. वन्सं त्याच्यावर बसल्या आणि विचारायला लागल्या.

"हे सगळे फॉर्म तुमच्या फोनवरून कसे?"

"नेटवाला फोन माझाच हाय ना. ह्यांचे साधे हायेत, नाहीतर मालकाकडं असत्यात. मी वाचत गेले, ह्या बोलत गेल्या."

"आणि सगळ्यांनी 'फार गरज आहे' असंच सांगितलं?"

"मग काय म्हनायचं, थोडी हाय?"

बायका हसल्या. वन्संही हसल्या. पहाटे तीनचं त्यांनी विचारलं तेव्हा मात्र त्या बायकांना या मॅडमना एवढंही कसं माहीत नाही याचं नवल वाटलं. घाऊक बाजारात भाजीच्या गाड्या रात्री लागतात. भाजी निवडायला, पालापाचोळा काढायला, कांदा साफ करायला या बायका पहाटे तीनला जातात आणि माल उठला की नऊच्या सुमाराला परत येतात. या गावात राहून आम्ही रोज तीच भाजी खातो.

"आणि पोरं?" वन्संनी विचारलं.

कोपऱ्यातली एक तरुण बाई म्हणाली, "झोपलेली असत्यात. बाहेरून कडी लावून जातो." तिच्या मांडीवरच्या पोराकडे बोट दाखवून मंगल म्हणाली, "ह्याला मधीच जाग येती. रडून रडून दाराशीच झोपतंय. परवा आलो तर दार उघडंना, हे आतून टेकून झोपलेलं."

मग वन्संनी पर्सच्या बंदाशी चाळा करत सापळ्याचं विचारलं. पारिजात लस सगळ्यांनी दिली असं लिहिलंय, ते कसं काय? बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. "दिली की," एक म्हातारी ठामपणे म्हणाली. मंगलनं खाली बघितलं. "खरं सांगू का मॅडम, आम्हाला नाव म्हाईत नव्हतं. पन नाय म्हटलं की नाव कटतं. कुठंबी. म्हनून समद्या हो म्हनाल्या. राहिली असंल तर सांगा, कुठं मिळती ती? उद्याच घेऊन जातो पोरांना."

वन्संचा चेहरा मी इतक्या वर्षांत तसा पाहिला नव्हता. त्या म्हणाल्या, "अशी लस नाहीच. मीच नाव तयार केलं होतं. कोण वाचून उत्तर देतंय ते बघायला."

"वाचूनच दिलं," मंगल म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "प्रत्येकीला विचारून दिलं."

"हो," वन्सं म्हणाल्या. "चूक माझी झाली."

मग मंगलनं चहा केला. चहा घेता घेता वन्संनी सांगितलं की त्याही एके काळी असंच दारोदार फिरायच्या, तर त्या कोपऱ्यातल्या तरुण बाईनं विचारलं, "मग तुमची पोरं कुठं ठेवायच्या?" अगदी साधा प्रश्न होता. वन्संना एकच मुलगी, आता पुण्याला नोकरी करते. तिच्या लहानपणाबद्दल त्या कधी बोलत नाहीत, आणि सगळ्यांना सगळं विचारणाऱ्या बाईला उलट काही विचारावं हे आमच्या घरात कुणाला सुचलेलं नाही. वन्संनी कपातला उरलेला चहा संपवला. मग त्या म्हणाल्या, "शेजारी एक काकू होत्या. त्यांच्याकडे. दाराची जाळी धरून रडायची. खाली रस्त्यावर गेले तरी ऐकू यायचं. मी मागे वळून बघायचे नाही. बघितलं असतं तर कामावर गेलेच नसते." सगळ्या बायकांनी मान हलवली. त्या कोपऱ्यातल्या बाईनं वन्संच्या हातातला रिकामा कप काढून घेतला.

ट्रस्टच्या बैठकीत व्हायचं तेच झालं. एकाच फोनवरून आलेली, एकसारखी, शिवाय सापळ्यात अडकलेली उत्तरं तुम्ही धरता कशी, असं त्यांच्या साहेबांनी विचारलं. प्रश्न रास्त होता, आणि त्याचं उत्तर मला एकटीला देता आलं नसतं. वन्संनी त्या दिवशी रजा घेतली होती. इस्त्रीची सुती साडी नेसून त्या माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी आयुष्यभर खोटी उत्तरं काढून टाकायचं काम केलंय. हिची पहिली सगळी उत्तरं मीच काढायला लावली. ही मी त्यांच्या घरी जाऊन तपासलीत. सापळा मी लावला होता, तो चुकीचा होता. बायका खऱ्या आहेत आणि पोरं कडीच्या आत आहेत." साहेबांनी थोडा वेळ घेतला. वन्संच्या हिशेबानं तो पुरेसा असणार, कारण त्यांनी हळूच माझ्या हातावर हात ठेवला. पाळणाघर तुर्भ्याला मंजूर झालं, पहाटे तीन ते सकाळी दहा, आयांना बाजारातून यायला उशीर झाला तर तासभर जादा धरून.

मला माझ्या अकलेवर सोडलं असतं तर पहिल्यांदा मी खोट्या आयांचं ऐकून पाळणाघर वाशीला नेलं असतं, आणि दुसऱ्यांदा खऱ्या आयांना खोट्या ठरवून काढून टाकलं असतं. दोन्ही वेळा वन्सं आडव्या आल्या. कुणाचं ऐकू नये हे त्यांनी मला शिकवलं, याबद्दल मी त्यांचे आभार मानतेच. पण दुखऱ्या गुडघ्यांनी तुर्भ्याच्या उन्हात जाऊन, आपलीच रीत चुकली हे त्यांनी पिंपावर बसून कबूल केलं, त्याबद्दलचे आभार मला मानता आलेले नाहीत. तोंडावर मानले तर त्या म्हणतील, फार चटकन बोललीस.

पाळणाघर सुरू झाल्यावर महिन्याभरानं आम्ही दोघी तिकडे गेलो. सकाळचे आठ वाजून गेले होते, आया अजून बाजारातच होत्या. खोलीत पोरं ओळीनं झोपली होती, काही उठून पेज पीत होती. दाराला कडी होती, पण आतून, आणि सांभाळणाऱ्या बाईच्या हाताच्या उंचीवर. वन्सं चपला काढून उंबऱ्यात उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता त्या बाईला प्रश्न सुरू होतील, दूध कधी देता, किती पोरं, गादी कधी धुता. पण त्या थोड्या वेळानं बाहेर ओट्यावर येऊन बसल्या आणि पर्समधून फोन काढला. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं म्हणून त्या नेहमी स्पीकर लावून बोलतात, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

पुण्याहून लेक म्हणाली, "काय गं आई, आत्ता? ऑफिसला निघतेय मी."

"काही नाही. एक विचारायचं होतं. मी तुला त्या काकूंकडे ठेवून कामावर जायचे ना, तेव्हा तू किती वेळ रडायचीस?"

पलीकडे कुठल्याशा गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. इतका वेळ की मला वाटलं फोन कट झाला.

"रडायचे कुठे गं," लेक म्हणाली. "तू जिना उतरलीस की लगेच खेळायला लागायचे मी."

वन्सं फोनकडे बघत राहिल्या. जाळीशी रडणारं ते पोर रस्त्यापर्यंत ऐकू यायचं, हे त्यांनी त्या सतरंजीवरच्या बायकांना माझ्यासमोर सांगितलं होतं. हाच प्रश्न दुसऱ्या तऱ्हेनं फिरवून विचारणं त्यांच्या हातचा मळ होता. आतून एक पोर उठल्याचा आवाज आला आणि सांभाळणारी बाई त्याच्याकडे धावली.

"बरं," वन्सं म्हणाल्या. "सांभाळून जा." त्यांनी फोन पर्समध्ये ठेवला, पदरानं चष्मा पुसला, आणि ते उत्तर तसंच ठेवून घेतलं.